सेकंडहँड बोटीच्या केबिनला पुढची काचच नाही? कमी पैशात कशी बसवायची ते सांगतो

मागच्या वर्षी मी आणि माझ्या चुलतभावाने मिळून हर्णैच्या बाजूला एक जुनी फायबरची बोट घेतली, २८ फुटी, आत डिझेल इंजिन, मागे छोटी केबिन. इंजिन बरं होतं, बॉडी ठोकून बघितली तर चांगली वाजत होती, पण केबिनच्या पुढच्या दोन्ही काचा गायब. एका खिडकीला प्लायवूड ठोकलेलं, दुसरीला जुन्या फ्लेक्सचा तुकडा दोरीने बांधलेला. विकणारा म्हणाला त्यात काय, काच टाकून घ्या की. आम्हीही नवीनच होतो या धंद्यात, वाटलं खरंच एका दिवसाचं काम असेल. मग एका कारागिराने केबिनचा अख्खा पुढचा भाग नवीन करायचा भाव सांगितला तेव्हा झोप उडाली, आणि शेवटी सगळं आम्ही हाताने केलं, सामान धरून साडेपाच हजाराच्या आत. एकदा चुकलं, ते पण खाली सांगतो, कारण तीच चूक बहुतेक नवीन माणूस करतो.

साध्या उघड्या होडीला याची गरज नाही, हे केबिनवाल्या बोटींसाठी आहे. आणि काच नसली तर काय बिघडतं असं कुणी म्हणत असेल तर त्याने एकदा पहाटे वाऱ्याच्या तोंडावर सुकाणू धरून बघावं, खारं पाणी डोळ्यात गेलं की समोरचं काही दिसत नाही, आणि आत लावलेला जीपीएस, फिशफाइंडर, वायरलेस सेट, सगळ्यांच्या वायरींना मीठ धरतं. वायरिंग परत करायचा खर्च काचेच्या कितीतरी पट.

आधी भोक बघा, काच नंतर

काच का गेली हे आधी शोधा. दगड लागून फुटली की चौकट सडून निखळली, यात फार फरक आहे. फायबरच्या केबिनमध्ये बऱ्याचदा दोन थरांच्या मध्ये प्लायवूड असतं, आणि खिडकीच्या कापलेल्या कडेतून पाणी त्या प्लायवूडमध्ये शिरतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खिडकीच्या भोवती सगळीकडे ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत कुजलंय. खालची कड आणि खालचे दोन कोपरे नीट बघा, पाणी तिथेच साचतं. आमच्या उजव्या खिडकीचा खालचा कोपरा बोटाने दाबला तर ओला भुगा बाहेर आला.

कुजलेलं जेवढं असेल तेवढं पटाशीने काढून टाका, अर्धवट ठेवू नका. मग ते पूर्ण सुकू द्या. पूर्ण म्हणजे दोन-तीन दिवस कडक उन्हात, कारण ओल्या लाकडाला रेझिन (फायबर चिकटवायचं, वाळून दगडासारखं होणारं द्रव) धरत नाही. म्हणूनच हे काम एप्रिल-मेमध्ये उरकलेलं चांगलं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बोट वर ओढलेली असते म्हणून बरेच जण म्हणतात तेव्हा करू, पण तेव्हा हवेत इतका ओलावा असतो की फायबरचं काम धड होत नाही. बंदीच्या काळात करायचंच असेल तर शेडमध्ये नाहीतर ताडपत्रीच्या मंडपात करा, आणि चार दिवस उघडीप बघून करा.

जिथे लाकूड काढलं तिथे फायबरचे चिंधे रेझिनमध्ये भिजवून थर द्यायचे, जुनी स्क्रूची भोकं पण रेझिनच्या पुट्टीने भरून घ्यायची. नवीन माणसासाठी एक गोष्ट जिवावरची आहे. साधं पॉलिएस्टर रेझिन घेतलं तर दुकानदार सोबत दोन बाटल्या देतो, एक कोबाल्टची आणि एक हार्डनरची. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीच ओतायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये टाकून नीट ढवळायचं, आणि मग हार्डनर, तोही साधारण १ ते २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम रेझिनला एक-दोन ग्रॅम. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, त्यामुळे गॉगल आणि हातमोजे घालूनच. कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिनही मिळतं, जमलं तर तेच मागा.

काय लावायचं

इथे जरा थांबून वाचा, कारण पैसे इथेच वाचतात किंवा वाया जातात.

घराच्या खिडकीची साधी काच लावू नका. मिळते स्वस्त, काचवाला तासाभरात कापून देतो, आणि म्हणून खूप बोटींवर तीच दिसते. आमच्या शेजारी लागलेल्या एका बोटीवर अशीच ४ मिली (मिलिमीटर) जाडीची साधी काच होती, भरतीला तोंडावर लाट आली आणि काच सुऱ्यासारख्या तुकड्यांत आत आली, आतल्या खलाशाचा दंड फाटला. समुद्रात असताना किनारा दोन तासांवर असतो. त्या जखमेसमोर काचेतले वाचलेले चार-पाचशे रुपये काहीच नाहीत.

मग उरतात तीन पर्याय.

पहिला, टफन्ड काच, म्हणजे तापवून कडक केलेली. ही फुटली तर बारीक बोथट दाण्यांत फुटते. ओरखडे सहज पडत नाहीत, वायपर बिनधास्त चालतो, वर्षानुवर्षं स्वच्छ दिसते. पण एकदा टफन केली की ती कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही, ग्राइंडर लावला की अख्खी काच भुगा होते. म्हणजे माप, गोल कोपरे, भोकं सगळं आधी ठरवून साच्यावरून ऑर्डर द्यायची, आणि माप चुकलं तर ती काच फेकायची. वजनही असतं, ६ मिलीची काच दर चौरस मीटरला १५ किलो. खिडकी सपाट असेल, चौकट मजबूत असेल आणि वायपर हवा असेल तर मी हीच लावा म्हणेन.

दुसरा, अ‍ॅक्रिलिक. तेच जे दुकानांच्या पाट्यांना वापरतात. त्याच जाडीच्या काचेच्या निम्म्याहून कमी वजन, घरी जिगसॉने (विजेच्या छोट्या करवतीने) कापता येतं, उन्हाने लवकर पिवळं पडत नाही. दोष हा की भोकाजवळ तडकतं आणि ओरखडे पडतात. आम्ही हेच लावलं, ६ मिली. त्याहून पातळ घेऊ नका, वाऱ्यात थडथडतं.

तिसरा, पॉलिकार्बोनेट. हातोडा मारला तरी सहसा फुटत नाही, वाकतं. ज्यांची बोट उसळत जाते, आउटबोर्डवर (मागे बाहेरून लावलेल्या इंजिनावर) जोरात चालते, त्यांनी हे बघावं. पण ओरखडे अ‍ॅक्रिलिकपेक्षा जास्त पडतात, आणि यूव्ही कोटिंग नसलेलं घेतलं तर उन्हात पिवळं धुरकट होतं. कोटिंग काही शीटला एकाच बाजूला असतं, संरक्षक फिल्मवर छापलेलं असतं कुठली बाजू उन्हाकडे करायची, ती फिल्म काढण्याआधी त्या बाजूला मार्करने खूण करून ठेवा. आणि पत्र्याच्या शेडवर टाकतात ती आतून पोकळ कप्प्यांची शीटसुद्धा पॉलिकार्बोनेटच असते, पण तिच्यातून आरपार नीट दिसत नाही, आपल्याला भरीव शीट पाहिजे.

दुकानात या दोन्ही प्लास्टिकना सरसकट फायबर शीट म्हणतात आणि कधीकधी दुकानदारालाच खात्री नसते. एक बोटभर रुंद कटपीस मागून घ्या, गॉगल घाला, पकडीत धरून वाकवा. अ‍ॅक्रिलिक कट्कन तुटतं, पॉलिकार्बोनेट दुमडतं.

काळी किंवा धुरकट रंगाची शीट दिसायला झकास दिसते पण घेऊ नका, आणि वरून काळी फिल्मही चिकटवू नका. रात्री जाळं टाकायला निघालात की त्यातून बिनदिव्याची होडी दिसत नाही, जाळ्याचा बोयाही दिसत नाही. टक्कर टाळण्याचे १९७२ चे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यातला ५ वा नियमच हा की प्रत्येक बोटीने कायम डोळ्यांनी आणि कानांनी नजर ठेवायची. पूर्ण पारदर्शकच घ्या, उन्हासाठी वर छज्जा काढा.

स्वस्तात कुठे मिळतं

अख्खी शीट ८ बाय ४ फुटांची येते, म्हणजे ३२ चौरस फूट. आम्हाला दोन्ही खिडक्या मिळून दहा चौरस फुटाच्या आत लागणार होतं. अख्खी शीट घ्यायची काही गरज नाही. पाट्या, ट्रॉफ्या, एलईडी बोर्ड बनवणारे जे असतात त्यांच्याकडे मोठमोठे कटपीस भिंतीला टेकवून ठेवलेले असतात, त्यांना ती अडगळ असते. रत्नागिरी, चिपळूण, अलिबाग, कुठल्याही तालुक्याच्या गावात असा एकतरी असतोच. साचा सोबत घेऊन जा आणि तिथेच कटपीसवर ठेवून बघा. शीट कास्ट (साच्यात ओतून बनवलेली) आहे का विचारा, कास्ट अ‍ॅक्रिलिक कापताना सहसा वितळून चिकटत नाही आणि कमी तडकतं.

मुंबईजवळ असाल तर रे रोडच्या दारूखान्यात जहाजांच्या भंगाराची दुकानं आहेत, तिकडे जुन्या जहाजांच्या चौकटीसकट खिडक्या मिळतात. वस्तू दणकट असते पण जड असते, आणि छोट्या फायबर केबिनवर एवढं वजन वर टांगलं की बोट डोलायला लागते. मोठ्या ट्रॉलरला ठीक. जुन्या गाड्यांच्या काचा बघत असाल तर एवढं लक्षात ठेवा, बाजूच्या काचा बहुतेक टफन्ड असतात, कापता येत नाहीत, आणि पुढची काच लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) असली तरी तिला गोलाई असते, ती सपाट चौकटीत बसत नाही.

सीझन चालू आहे, थांबायला वेळ नाही असं असेल तर दुकानांच्या दाराला लावतात तो जाड पारदर्शक प्लास्टिकचा पडदा कापून, कडेला दुमड घालून, आयलेट ठोकून दोरीने ताणून बांधा. महिना-दोन महिने निघतात. नंतर तो पांढरा पडतो, त्याच्यावर वर्ष काढायचा विचार करू नका.

साचा

आम्ही अख्खा दिवस साच्यावर घातला आणि तो दिवस सगळ्यात कामी आला. नुसतं टेपने लांबी-रुंदी मोजून जाऊ नका, जुन्या बोटीची एकही खिडकी काटकोनात नसते. आमची डावी आणि उजवी खिडकी एकसारखी दिसायची, साचा ठेवला तर अर्ध्या इंचाचा फरक. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, बाहेरून केबिनवर मास्किंग टेपने चिकटवा, आतून पेन्सिलने खिडकीच्या कडेवरून रेघ मारा. मग त्या रेघेच्या बाहेर चारही बाजूंना दीड इंच वाढवून कापा, कारण आपण शीट भोकाच्या आत नाही तर भोकाच्या बाहेरून केबिनच्या अंगावर बसवणार आहोत. लाट आली की शीट आत ढकलली न जाता केबिनवर दाबली जाते.

कोपरे गोल ठेवा, साध्या वाटीच्या तळाएवढी गोलाई पुरे. टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो. साच्यावर "डावी", "उजवी", "वर", "बाहेरची बाजू" असं मोठ्या अक्षरात लिहा. हसू येईल पण उलटी कापलेली शीट मी पाहिली आहे. पुठ्ठा परत एकदा जागेवर लावून वायपर, लाइट, रेलिंग काही आड येतंय का ते बघा.

केबिनचा पुढचा भाग गोलाईचा असेल तर सपाट शीट गार असतानाच थोडी वाकवून बसवता येते, पण त्याला मर्यादा आहे. अ‍ॅक्रिलिकला गोलाईची त्रिज्या जाडीच्या किमान २०० पट धरा, म्हणजे ६ मिलीला १.२ मीटर. पॉलिकार्बोनेट त्याच्यापेक्षा जास्त वाकतं, १५० पट धरलं तर निवांत. त्याहून जास्त गोलाई असेल तर खिडकीचे तीन सपाट तुकडे करून मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या द्या. हीट गनने घरी वाकवायला जाऊ नका, बुडबुडे येतात आणि समोरचं लाटालाटांचं दिसतं.

कापणं

शीटवरची फिल्म किंवा कागद काढायचा नाही, त्याच्यावरच रेघ मारायची. शीट टेबलाला क्लॅम्पने घट्ट धरा, थरथरली की तडकते. जिगसॉला बारीक दात्याचं ब्लेड, स्पीड मधला, आणि हात सावकाश. जोरात रेटलं तर प्लास्टिक वितळून मागे परत चिकटतं. मध्येमध्ये साबणाचं पाणी शिंपडायचं, पण मग मशीनची वायर आणि पाणी एकमेकांपासून लांब, चप्पल घालून, एक माणूस फक्त पाणी द्यायला. ज्यांना हे नको त्यांनी सरळ पाटीवाल्याकडूनच साच्यावरून कापून घ्या, त्यांच्याकडे राउटर किंवा लेझर असतो, थोडे पैसे जातात पण कड सुंदर येते.

कापून झालं की कड १२० च्या पॉलिश पेपरने, मग २४० ने, मग ४०० ने घासा. हा दिसण्याचा प्रश्न नाही. कडेवर करवतीचे जे बारीक दाते राहतात त्यातूनच पुढे चीर जाते.

भोकं, आणि आमची चूक

प्लास्टिक उन्हाने फुगतं आणि थंडीने आकसतं, काचेच्या सातपटीहून जास्त. आमची शीट ३३ इंच लांब होती, म्हणजे ८३८ मिली. मे महिन्यातल्या दुपारी ऊन खाऊन तापलेली शीट आणि डिसेंबरातली पहाट, यात ४० अंशांचा फरक धरला तर ती शीट साधारण २.३ मिलीने लांबते-आखडते. फायबरची केबिन त्याच्या निम्म्यानेही हलत नाही. आता बोल्टच्या मापाचंच भोक पाडलं तर शीटला हलायला जागा कुठे आहे? ती बोल्टवर दाब देत राहते आणि एक दिवस भोकातून चीर निघते.

आम्ही ५ मिलीच्या बोल्टला ५ मिलीचंच भोक पाडलं होतं, वर पान्याने गच्च आवळलं, वाटलं काय मस्त बसलंय. आठवडाभरात डाव्या शीटला तीन भोकांतून चिरा. धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) ती बघितली आणि एवढंच म्हणाले, "पोरा, तिला श्वास घ्यायला जागा ठेव." डावी शीट परत कापावी लागली.

तर ५ मिलीच्या बोल्टला ८ मिलीचं भोक. भोकाचा मध्य कडेपासून किमान १६ मिली आत, आपण दीड इंच वाढवलंय म्हणून कड आणि खिडकी यांच्या बरोबर मध्ये, १८-१९ मिलीवर येतं. दोन बोल्टमध्ये पाच-सहा इंच अंतर. आम्हाला एका शीटला १८ बोल्ट लागले.

लोखंडाचं साधं ड्रिल बिट अ‍ॅक्रिलिकमध्ये बाहेर निघताना एकदम चावतं आणि चकती उडवतं. पायऱ्यापायऱ्यांचं शंकूसारखं स्टेप बिट मिळतं ते घ्या, खाली लाकडाची फळी घट्ट धरा, हळू फिरवा, दाब कमी. आधी कटपीसमध्ये चार-पाच भोकं पाडून हात बसवा. शीटमध्ये भोकं झाली की ती केबिनवर टेपने लावून मधोमध खूण करा आणि केबिनला मात्र ५ मिलीचंच भोक पाडा. त्या भोकाच्या कडेला आत प्लायवूड दिसलं तर कापसाच्या बोळ्याने रेझिन लावून ते बंद करा, नाहीतर दोन वर्षांनी तिथेच परत कुजणार.

बसवणं

बोल्ट स्टेनलेसचेच. ३१६ नंबरचं मिळालं तर उत्तम, नाहीतर ३०४, त्याला खाऱ्या हवेत तपकिरी डाग येतात पण टिकतं. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाही, त्यामुळे विश्वासाच्या दुकानातून घ्या. डोकं चपट्या तळाचं पाहिजे, तिरक्या खाचेत बसणारं नको, ते पाचरीसारखं शीटला फाडतं. प्रत्येक बोल्टला शीटच्या बाजूने नायलॉन किंवा रबरी वॉशर, आतून मोठा स्टेनलेस वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीने न सुटणारा). बाहेरून आम्ही चारही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमची एक इंची पट्टी दिली, त्याने दाब सगळीकडे सारखा बसतो. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून तिथेही मध्ये नायलॉन वॉशर आणि बोल्टला थोडं ग्रीस, फक्त ते ग्रीस शीटला लागू देऊ नका.

शीट आणि केबिन यांच्या मध्ये ३ मिली जाडीची ईपीडीएम (उन्हापाण्यात टिकणारं रबर) फोमची टेप लावायची, भोकांच्या आतल्या अंगाने, सलग, सांधा वरच्या कडेला ठेवून. साध्या मऊ पीव्हीसीची टेप नको, त्यातलं तेल हळूहळू शीटमध्ये उतरून तिला चिरा पाडतं. टेपच्या बाहेरच्या अंगाने सिलिकॉन. सिलिकॉन घेताना ट्यूबवर न्यूट्रल लिहिलेलं बघा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते बाथरूमवालं सिलिकॉन पॉलिकार्बोनेटला मारक आहे, आणि स्टेनलेसच्या आजूबाजूलाही नको.

शीट लावा, सगळे बोल्ट घाला, आधी मधले मग कोपऱ्यातले, आणि फक्त बोटाने जेवढे फिरतील तेवढेच नट फिरवा. सिलिकॉन थोडंसं बाहेर आलं की थांबा. पूर्ण आवळून सगळं सिलिकॉन बाहेर काढलं तर मध्ये काही उरतच नाही. २४ तास तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी पान्याने प्रत्येक नट पाव फेरा, बस्स. बाहेर आलेलं सिलिकॉन तेव्हा ब्लेडने नाही, प्लास्टिकच्या जुन्या एटीएम कार्डाने काढा.

टफन्ड काच घेतली असेल तर बोल्ट टाळा आणि बसच्या काचेला असतं तसं दोन खाचांचं रबर वापरा. बस-ट्रकच्या बॉडी बिल्डरकडे ते फुटावर मिळतं. रबर आधी काचेभोवती चढवायचं, बाहेरच्या खाचेत नायलॉनची बारीक दोरी सगळीकडून फिरवून दोन्ही टोकं आत सोडायची, साबणाचं पाणी लावायचं, एकाने बाहेरून तळहाताने काच दाबून धरायची आणि दुसऱ्याने आतून दोरी सावकाश ओढत जायची, दोरीबरोबर रबराची ओठी चौकटीवर आपोआप चढते. पहिल्यांदा जमलं नाही तर बॉडी बिल्डरकडचा एखादा पोरगा तासाभरात बसवून देतो. याला मात्र चौकटीची जाडी रबराच्या खाचेएवढी लागते, रबर घ्यायला जाताना ती मोजून जा.

पाणी मारून बघा

समुद्रात नेऊन तपासू नका. तीन दिवसांनी, सिलिकॉन पूर्ण सुकल्यावर, एकाने आत टॉर्च आणि कोरडा कागद घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, खालून सुरुवात करून वर जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी कुठून येतंय ते कळत नाही. गळती दिसली तर वरून सिलिकॉन फासत बसू नका, तो बोल्ट काढा, भोक पुसा, आतून सिलिकॉन भरा आणि परत लावा.

वापरताना

सगळ्यात जास्त नुकसान पुसण्याने होतं. मीठ वाळलं की त्याचे खडे होतात, त्यावर फडकं फिरवलं म्हणजे पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच. आधी गोडं पाणी ओतायचं, मीठ विरघळू द्यायचं, मग मऊ सुती कपडा आणि भांडी घासायचा पातळ साबण. थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन, अमोनियावालं काच पुसायचं निळं लिक्विड यातलं काहीही अ‍ॅक्रिलिकला लावलं तर आत केसासारख्या बारीक चिरांचं जाळं उठतं आणि ते परत जात नाही. बोट रंगवायला येणाऱ्या माणसाला हे आधीच सांगा, रंगाचा थेंब पडला की त्याचा हात पहिला थिनरकडेच जातो. कोरड्या शीटवर वायपर तर नकोच.

पावसाळ्यात बोट शाकारताना ताडपत्री थेट शीटवर येऊ देऊ नका, वाऱ्याने ती दोन महिने घासत राहते. मध्ये जुनी चादर किंवा गोधडी बांधा. आणि बारीक ओरखडे आलेच तर १००० नंबरच्या पाण्यातल्या पेपरने, मग २००० ने घासून गाडीच्या पॉलिशने चमक परत आणता येते, हे अ‍ॅक्रिलिकला चालतं, कोटिंगवाल्या पॉलिकार्बोनेटला करू नका, कोटिंगच निघून जातं.

पुठ्ठ्याचे दोन्ही साचे फेकू नका. आम्ही ते पातळ प्लायवूडवर उतरवून कापून घेतले, त्यावर भोकांच्या जागा, बोल्टचं माप आणि तारीख लिहिली आणि घरात माळ्यावर ठेवलेत. पुढच्या वेळी शीट बदलायची झाली तर तो साचा पाटीवाल्याकडे द्यायचा आणि संध्याकाळी शीट घेऊन धक्क्यावर यायचं.